जनित्र आणि जनमित्र



जून लागला की आमच्या दापोली-मंडणगडकडच्या बायकांचं लक्ष अजूनही समुद्राच्या बाजूला जातं. वारा जरा फिरला तरी काळजात चर्र होतं. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ शेजारच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्या दोन्ही तालुक्यांना झोडपून गेलं. हर्णै, आंजर्ले, केळशी, आडे, पाडले या सगळ्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कौलं गेली, पत्रे गेले, विजेचे खांब मोडून पडले. कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले.

त्या अंधाराच्या दिवसांत आमच्या हातून एक मोठी चूक झाली. नशीब म्हणून निभावलं. आज ती चूक तुम्हाला सांगणार आहोत, आणि ती कशी टाळायची तेही.

आमचा गट आंब्याचा रस, आंबापोळी, कोकम करतो. त्या साली लॉकडाऊनमुळे आंबा वेळेवर बाजारात जाईना. मग फेकण्यापेक्षा बरं म्हणून आम्ही रस काढून डीप फ्रीझर भरून ठेवला होता. वादळ झालं, वीज गेली. गटाचे सगळे पैसे त्या एका फ्रीझरमध्ये गोठलेले, आणि ते वितळायला लागलेले. एका मंडपवाल्याकडे पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर होता, तो मागून आणला. आता जोडायचा कसा? आमच्यातल्या एकीच्या भाच्याने दहा मिनिटांत वायर तयार केली. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकालाही पिन. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं ओटीवरच्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये. जनरेटर सुरू केला आणि अख्खं घर उजळलं. फ्रीझर घुमायला लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या वरच्या अंगाला विजेचं काम करणारी माणसं आली. त्यातला एक वायरमन जनरेटरचा आवाज ऐकून आमच्या खळ्यात आला. म्हणाला, "वहिनी, जनरेटर बोर्डाला जोडलाय काय? मेन बंद केलाय?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. मेन चालूच होता. तो काही बोलला नाही. आधी जनरेटर बंद केला, मग ती दोन पिनांची वायर काढून हातात घेतली आणि पायरीवर बसला. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर एवढंच म्हणाला, "आमचा माणूस खांबावर चढायला निघाला होता."

वीज उलटी कशी जाते

महावितरण आपल्या वायरमनला 'जनमित्र' म्हणते. आणि जनरेटरला पुस्तकी मराठीत शब्द आहे 'जनित्र'. दोन शब्दांत फरक एका अक्षराचा. पण जनित्र चुकीचं जोडलं तर जनमित्राचा जीव जातो. तो कसा, हे नीट समजून घेऊ. कारण 'असं करू नका' एवढंच सांगितलेलं घाईच्या वेळी लक्षात राहत नाही. का करू नका ते कळलं की राहतं.

आपल्याकडे नळयोजना आहे असं समजा. नळाला पाणी नाही, म्हणून तुम्ही आपल्या विहिरीवरचा पंप घरातल्या नळाच्या पाइपाला जोडलात. पण बाहेरून येणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद केला नाही. काय होईल? तुमच्या विहिरीचं पाणी घरात तर येईलच, पण उलटं रस्त्यावरच्या पाइपातही जाईल. कारण पाइपाला येणं-जाणं कळत नाही.

विजेच्या तारेलाही कळत नाही. खांबावरून सर्व्हिस वायर मीटरला येते, मीटरमधून मेन स्विचला, तिथून घरातल्या बोर्डांना. या वाटेने वीज येते, तशीच ती जातेही. बोर्डाच्या सॉकेटमधून जनरेटरची वीज आत सोडली आणि मेन चालू असला, की ती मीटरमधून बाहेर, सर्व्हिस वायरवरून खांबावर जाते. खांबावरच्या तारांतून ती गावाच्या रोहित्रापर्यंत, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तिथपर्यंत पोचू शकते.

आता खरी गोम इथे आहे. डीपीचं काम काय? ११,००० व्होल्टची वीज घ्यायची आणि आपल्या घरांना चालेल अशी, म्हणजे २३० व्होल्टच्या आसपास करून द्यायची. पण हेच यंत्र उलट्या बाजूने वीज दिली तर उलटं काम करतं. २३० व्होल्ट आत गेले की दुसऱ्या बाजूला दहा-अकरा हजार व्होल्ट तयार होऊ शकतात. आपल्या खळ्यातला छोटा जनरेटर, आणि पलीकडच्या डोंगरावरच्या तारेत हजारो व्होल्ट.

खांबावर चढणारा माणूस आधी उपकेंद्रातून लाइन बंद करून घेतो. त्याला परमिट घेणं म्हणतात. पण परमिटमुळे उपकेंद्राची वीज बंद होते, आपल्या ओटीवरचा जनरेटर बंद होत नाही. म्हणून तारा तपासायच्या, त्यांना अर्थिंग करायचं असे नियम त्यांना आहेत. तरी वादळानंतर शेकडो ठिकाणी कामं, पाऊस, चिखल, रात्र. शिवाय निसर्गच्या वेळी बाहेरच्या जिल्ह्यांतूनही माणसं मदतीला आली होती. कुठल्या घरात जनरेटर आहे हे त्यांना कोण सांगणार?

आणि धोका फक्त जनमित्राला नाही. वाटेवर तुटून पडलेली तार 'वीज नाहीच आहे' म्हणून आपलीच माणसं ओलांडतात, गुरं तिच्यावरून जातात, पोरं हाताने बाजूला करतात. ती तार आपल्या जनरेटरने जिवंत केलेली असू शकते.

दोन शंका, ज्या आम्हालाही आल्या होत्या

पहिली शंका: एवढ्याशा जनरेटरवर अख्ख्या गावाचा भार पडला तर तो बंद पडणार नाही का? बरेचदा पडतो. पण वादळात तारा तुटलेल्या असतात. आपल्या घराच्या पुढेच दोन खांबांवर तार तुटली असेल, तर जनरेटरवर भार पडतो फक्त दोन-चार घरांचा. तो आरामात चालत राहतो. आणि माणसाचा जीव जायला एक क्षण पुरतो.

दुसरी शंका: मेन बंद करून मग दोन पिनांची वायर लावली तर चालेल ना? नाही. तीन कारणं आहेत.

एक, विसरणं. आज तुम्ही मेन बंद कराल. उद्या तुम्ही शेतावर असाल आणि घरातलं दुसरं कोणी जनरेटर सुरू करेल. माणसाच्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव टांगून ठेवायचा नसतो.

दोन, त्या वायरची पिन. जनरेटर चालू असताना बोर्डातलं टोक निसटलं किंवा कोणी ओढलं, तर उघड्या पितळी पिनांत २३० व्होल्ट असतात. घरातलं लहान मूल ती पिन हातात धरू शकतं.

तीन, काही जुन्या घरांत मुख्य बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल तशीच बाहेरच्या तारेला जोडलेली राहते. आणि मेन चुकून चालू राहिला आणि महावितरणची वीज परत आली, तर दोन विजा समोरासमोर येतात. जनरेटर जळतो, वायरिंग पेटू शकतं.

म्हणून पहिला नियम पाठ करून टाका. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घरात ठेवायचीच नाही. कोणी बनवून दिली तर कापून टाकायची.

मग बरोबर कसं जोडायचं

याला एक साधं, जुनं आणि खात्रीचं साधन आहे. चेंजओव्हर स्विच. विजेच्या सामानाच्या दुकानात हेच नाव सांगा, मिळतो. फ्रीझर आणि त्यातल्या मालाच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.

पोफळीच्या बागेत आपण पाटाचं पाणी कसं फिरवतो ते आठवा. एका पाटाचं तोंड मातीने बुजवतो आणि दुसऱ्याचं उघडतो. चेंजओव्हर स्विच तेच करतो, फक्त तो दोन्ही तोंडं एकाच वेळी उघडी ठेवूच देत नाही. त्याला तीन जागा असतात. एका बाजूला महावितरण, मध्ये शून्य म्हणजे काहीच नाही, आणि दुसऱ्या बाजूला जनरेटर. दांडा एकीकडून दुसरीकडे न्यायचा तर मधल्या शून्यावरून जावंच लागतं. त्यामुळे बाहेरची तार आणि जनरेटर यांची गाठ कधीच पडत नाही. तुम्ही विसरलात, पोराने दांडा फिरवला, रात्री डोळ्यांवर झोप असली, तरी पडत नाही.

स्विच घेताना आणि बसवताना या गोष्टी बघा.

स्विच दोन पोलचा हवा. म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम बदलणारा. नुसती फेज बदलणारा नको. थ्री फेज जोडणी असेल, उदाहरणार्थ गटाची गिरणी असेल, तर चार पोलचा लागतो.

तो मीटर आणि मेन स्विचनंतर, पण घरातल्या एमसीबींच्या आधी बसतो. किती अँपिअरचा घ्यायचा ते तुमच्या जोडणीवर ठरतं आणि ते इलेक्ट्रिशियन ठरवेल.

जनरेटरची वायर घरात येते तिथे भिंतीवर इनलेट बसवून घ्या. यात एक सोपी खूण लक्षात ठेवा: देणाऱ्याकडे भोकं, घेणाऱ्याकडे पिना. जनरेटर वीज देतो, म्हणून त्याच्यावर भोकांचं सॉकेट असतं. घर वीज घेतं, म्हणून भिंतीवरच्या इनलेटला पिना असतात, त्याही आत खोल, झाकणाखाली. वायरचं घराकडचं टोक मात्र भोकांचं असतं. असं असलं की जिवंत पिन कधीच उघडी राहत नाही. एखादी जोडणी बरोबर आहे का हे या एका खुणेवरून कुठलीही बाई ओळखू शकते.

वायर तीन कोरची, जाड आणि लवचिक घ्या. छोट्या, म्हणजे २ केव्हीएच्या आसपासच्या जनरेटरला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण पुरते. मध्ये जोड नको, टेप लावलेली नको. आणि वापरताना वेटोळं करून ठेवू नका, ती तापते. पूर्ण उलगडा.

अर्थिंगकडे आपण कोकणात फार दुर्लक्ष करतो. आपली जमीन जांभ्याची, कातळाची. तिच्यात ओल टिकत नाही आणि कोरड्या कातळात ठोकलेली अर्थिंगची सळई काही कामाची नाही. अर्थिंगचा खड्डा नीट केलेला हवा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला हवं. जनरेटरच्या लोखंडी सांगाड्यालाही अर्थिंग लागतं. आणखी एक. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवला असेल, तर जनरेटरवर असताना तो वाचवेलच असं धरून चालू नका. छोट्या जनरेटरची न्यूट्रल बऱ्याचदा अर्थिंगला जोडलेली नसते. जनरेटरवर असताना हे संरक्षण मिळेल का, हे इलेक्ट्रिशियनला आवर्जून विचारा.

आणि हे काम भाच्याचं नाही, दिराचं नाही, आपलंही नाही. घरातल्या विजेच्या जोडणीचं काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं, हा नियमच आहे. परवाना दाखवा असं म्हणायला लाजू नका. काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट मागून घ्या आणि गटाच्या फाइलीत लावा.

कोणी म्हणेल, आमचा इन्व्हर्टर तर सरळ जोडलाय, त्याला चेंजओव्हर नाही. घरगुती इन्व्हर्टरमध्ये ही अदलाबदल करणारी सोय आतच असते. छोट्या जनरेटरमध्ये ती नसते. म्हणून ती बाहेरून बसवावी लागते.

जनरेटर ठेवायचा कुठे

वीज एका वाटेने मारते, धूर दुसऱ्या वाटेने. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरला की प्राणवायूला जागाच ठेवत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. माणसाला वाटतं दगदगीने होतंय, जरा पडतो. आणि तो पडलेला उठत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे आपल्याकडे निसर्ग होऊन गेल्यावर जवळजवळ तीन महिन्यांनी, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात लॉरा नावाचं चक्रीवादळ आलं. तिथल्या बळींपैकी कित्येक माणसं वाऱ्या-पाण्याने गेली नाहीत. वीज गेल्यावर लावलेल्या जनरेटरच्या धुराने गेली. वादळातून वाचली आणि रात्री झोपेत गेली.

आपल्याकडे मोह कुठला होतो? पाऊस कोसळत असतो, जनरेटर भिजू नये म्हणून आपण तो पडवीत आणतो. नाहीतर चोरीच्या भीतीने मागच्या दारी न्हाणीघराशेजारी ठेवतो. आपली पडवी उघडी वाटते, पण तिच्यातला धूर माजघरात शिरतो, कौलांखाली साठतो. खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणून भागत नाही. पंखा लावला म्हणूनही नाही.

जनरेटर घरापासून निदान वीस फूट लांब, मोकळ्यावर ठेवा. धुराचं तोंड घराकडे, शेजाऱ्यांच्या खिडकीकडे किंवा गोठ्याकडे नको. पाऊस असेल तर खळ्याच्या कडेला चारी बाजूंनी उघडं, वर पत्रा असलेलं छप्पर करा. खाली फळी किंवा चिरे लावून उंच करा. ओल्या हातांनी, ओल्या पायांनी त्याला हात लावू नका. पेंढा, सरपण, गोवऱ्या जवळ नकोत. पावसाळ्याची बेगमी आपण पडवीत रचून ठेवतो, जनरेटर तिथे नेऊ नये याचं हेही एक कारण.

पेट्रोल भरताना जनरेटर बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. गरम इंजिनावर सांडलेलं पेट्रोल भडकतं. रात्री भरायचंच असेल तर बॅटरी घ्या, चिमणी किंवा मेणबत्ती नको.

घरात कोणाचं डोकं दुखायला लागलं, दोघा-तिघांना एकदम मळमळायला लागलं, तर काही विचार न करता सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि १०८ वर फोन करा. जनरेटर नंतर बंद करा, माणसं आधी.

किती भार टाकायचा

जनरेटरच्या पाटीवर दोन आकडे असतात. एक मॅक्सिमम, एक रेटेड. आपला आकडा रेटेड, म्हणजे सतत चालेल तो. २ केव्हीएच्या जनरेटरवर साधारण १,६०० वॅट धरा.

आता घरातला हिशोब बघा. एलईडी दिवा ९ वॅट. पंखा ७० ते ८०. टीव्ही १०० च्या आत-बाहेर. मिक्सर ५०० ते ७५०. इस्त्री १,००० च्या घरात. पाणी तापवायचा गीझर २,०००. डीप फ्रीझर चालताना दोन-तीनशे वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट मागतो. ओझ्याची पाटी डोक्यावर घेताना जोर लागतो, नंतर चालताना तेवढा लागत नाही, तसंच. म्हणून फ्रीझर, फ्रिज, पंप अशा मोटारीच्या वस्तूंना जागा राखून ठेवावी लागते. एक अश्वशक्तीचा पंप चालताना हजार वॅटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना छोट्या जनरेटरला झेपत नाही. गीझर, इस्त्री, शेगडी जनरेटरवर नकोच.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. फ्रीझरसाठी जनरेटर दिवसभर चालवायची गरज नसते. गच्च भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता ठेवला तर माल दीड-दोन दिवस गोठलेला राहतो. अर्धा भरलेला असेल तर त्याच्या निम्मा वेळ. वर जाड गोधडी टाकली तर आणखी बरं, फक्त जनरेटरवर लावताना गोधडी काढायची. सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास चालवला तरी भागतं. पेट्रोल वाचतं, आवाज वाचतो, धूर वाचतो.

सुरू करायचा आणि बंद करायचा क्रम

हे एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून स्विचशेजारी लावा.

सुरू करताना:

१. घरातले सगळे एमसीबी खाली करा.

२. चेंजओव्हरचा दांडा शून्यावर आणा.

३. वायर आधी भिंतीवरच्या इनलेटला जोडा, मग बंद असलेल्या जनरेटरला.

४. जनरेटर सुरू करा. दोन-तीन मिनिटं भार न देता चालू द्या.

५. दांडा जनरेटरच्या बाजूला न्या.

६. एमसीबी एकेक करून वर करा. आधी फ्रीझर. तो नीट सुरू झाला की मग दिवे आणि पंखे.

महावितरणची वीज आली की:

१. सगळे एमसीबी खाली.

२. दांडा शून्यावर.

३. जनरेटर बंद. थंड झाला की वायर काढा.

४. दांडा महावितरणच्या बाजूला.

५. एमसीबी एकेक वर.

वीज आली हे कळायचं कसं? चेंजओव्हरच्या आधी, मीटरच्या बाजूला एक छोटा खुणेचा दिवा बसवून घ्या. वीज आली की तो लागतो.

चेंजओव्हर नसेल तर

उद्याच वादळाचा इशारा आला आणि स्विच बसवलेला नाही, असंही होईल. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा किती दिवस आधी कळलं होतं? अशा वेळी घरातल्या बोर्डाला, मेनला, मीटरला जनरेटर जोडायचाच नाही. जनरेटरवरच्या सॉकेटमधून चांगली, तीन पिनांची जाड एक्स्टेंशन वायर घ्या आणि तिच्यावर थेट फ्रीझर लावा. शेजारी एक दिवा लावा. घर उजळणार नाही, पण माल वाचेल आणि एकाही माणसाला धोका होणार नाही. आमच्या फ्रीझरला त्या दिवसांत एवढंच हवं होतं. वायरमनने पाणी पिऊन झाल्यावर आम्हाला तेच करून दिलं. बाकी घरात आम्ही कंदील लावले.

पुराचं मात्र वेगळं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा घराघरांतले बोर्ड, मीटर बुडाले. असं पाणी शिरलेलं वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय त्यात कुठलीच वीज सोडायची नाही. महावितरणची नाही आणि जनरेटरचीही नाही.

गटाने काय करावं

आमच्या गटाने नंतर बैठकीत चार गोष्टी ठरवल्या आणि वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

एक, ज्या घरात गटाचा फ्रीझर आहे तिथे चेंजओव्हर बसवायचा, खर्च गटाने करायचा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला एकाच दिवशी बोलावून वाडीतल्या तीन-चार घरांची कामं करून घेतली तर त्याच्या येण्या-जाण्याचा खर्चही वाटला जातो.

दोन, वाडीत कोणाकोणाकडे जनरेटर आहे त्याची यादी करायची आणि महावितरणच्या जवळच्या शाखेत देऊन ठेवायची. घराबाहेर मीटरजवळ 'या घरात जनरेटर आहे' अशी पाटी लावायची.

तीन, तुटलेली तार जिवंतच आहे असं समजायचं. तिच्याजवळ कोणाला जाऊ द्यायचं नाही आणि १९१२ या क्रमांकावर कळवायचं. वीज जाऊन महिना झाला असला तरी.

चार, खांबावर माणूस दिसला की वाडीतल्या कोणीतरी पुढे होऊन त्याला सांगायचं, कुठल्या घरात जनरेटर चालू आहे ते. त्याने विचारायची वाट बघायची नाही.

मैत्रिणींनो, निसर्गनंतर ज्या दिवशी आमच्या वाडीत वीज आली, त्या दिवशी आम्ही खांबावरून उतरलेल्या माणसांना पन्हं दिलं. ते कुठल्या जिल्ह्यातून आले होते, घरी कधी जाणार होते, आम्ही विचारलंही नाही. पण ती सगळी माणसं उतरली, जेवली आणि आपापल्या घरी गेली. आमच्या त्या दोन पिनांच्या वायरीचे आम्ही पक्कडीने तुकडे केले. त्यातला एक तुकडा अजून गटाच्या कपाटात आहे. गटात नवीन बाई आली की तिला तो दाखवतो आणि ही गोष्ट सांगतो.

तुमच्या घरात अशी वायर असेल तर आज संध्याकाळीच शोधा. पावसाळा तोंडावर आहे.